बोळकांडीशी अडलेली घोडी

आप्पा,

काल आईसाठी एक जागा बघून आले. पुण्याच्या बाहेर, टेकडीच्या कडेला आहे. आवार स्वच्छ, झाडं लावलेली, स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती आणि तिचा वासही चांगला होता. जागा दाखवणाऱ्या बाई बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, आमच्याकडे दर गुरुवारी एक जण कुत्रा घेऊन येतो, आजी-आजोबा त्याची वाट बघत बसतात, जनावराला हात लावला की माणूस निवतो. मी मान हलवली आणि म्हटलं, मला खोल्यांची दारं बघायची आहेत. त्यांनी एक दार उघडून आतली खाट, पंखा, बेल दाखवली. मी म्हटलं, आतून नको, बाहेरून बघते. प्रत्येक दाराला बाहेरून कडी होती. साधीच, घराघरात असते तशी. बाई म्हणाल्या, "ती काही आम्ही लावत नाही हो." मी विचारलंही नव्हतं.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, गॅस चालू राहतो, दोनदा ती जिना उतरून रस्त्यावर गेली. मला नोकरी आहे. हे सगळं तुम्हाला सांगायचं म्हणून लिहायला बसले नाही. आत्ता दुपार आहे, ती जेवून झोपलीय, आणि कालपासून माझ्या डोक्यात जयपूरचा तो बंगला आहे. तुमच्याशी त्याबद्दल मी कधी बोलले नाही. तुम्ही बोलायचात, मी ऐकून घ्यायचे. आज उलट करून बघते. माझं शिक्षण हिंदीत झालं, त्यामुळे अक्षराचं वळण अजून तसंच आहे. तुम्ही वैतागायचात, तसं वैतागू नका.

तुम्ही फौजेच्या घोड्यांचे नालबंद. क्वार्टरमध्ये तुम्ही आलात की आधी जळक्या खुराचा वास यायचा आणि मागून तुम्ही. आई म्हणायची, पायरीवरच थांबा, अंघोळीचं पाणी तिथंच आणते. मी तेव्हा सातवीत. एका हवेलीवाल्यानं पाहुण्यांच्या मुलांना फिरवायला एक घोडी ठेवली होती आणि ती बघायला तुम्हाला बोलावलं होतं, तिचे खूर वाढून पुढून वर वळले होते आणि ती लंगडत होती. तुम्ही खूर कापून दिलेत. मालक म्हणाला, आता हिचा उपयोग नाही, तुम्हीच न्या. तुम्ही तिला दोर धरून चालवत थेट क्वार्टरच्या दारात आणलीत. माझ्या कमरेच्या जरा वर तिचा खांदा. मी विचारलं, शिंगरू आहे का? तुम्ही म्हणालात, "न्हाई गं. पुरी वाढल्याली घोडी हाय. ही जातच एवढी. हिच्या आईबापाला कुणी तरी परदेशातनं आणल्यालं." रंग ओल्या मातीसारखा, आयाळ डोळ्यांवर, आणि पोट असं की आई बघून हसली. तुम्ही तिला नाव ठेवलं नाहीत. "चल बाई", "थांब बाई", एवढंच.

क्वार्टरमध्ये जनावर ठेवायची परवानगी नव्हती. स्टेशनजवळच्या अड्ड्यावर तुमच्या ओळखीचा एक टांगेवाला होता, त्याच्या घोड्याशेजारी तिला बांधली. रविवारी तुम्ही मला सायकलच्या कॅरियरवर बसवून तिकडे न्यायचात. मी खरारा करायचे, तुम्ही खूर बघायचात, मग तिला बनी पार्कच्या गल्ल्यांतून चालवायचं, कारण तिचे पाय आखडायला नकोत. तिथंच एका बंगल्याच्या फाटकात तिथले मॅनेजर उभे होते. पांढरा सदरा, केस पाण्यानं चापून बसवलेले, हात सतत रुमालाला पुसायची सवय. म्हणाले, "फौजी साहब, अंदर ले आइए न. हमारे बुज़ुर्ग खुश हो जाएँगे." तो बंगला वृद्धाश्रम आहे हे आपल्याला तेव्हा कळलं.

तो पहिला दिवस मला फार लख्ख आठवतो. थंडीचे दिवस आहेत. पुढच्या व्हरांड्यात उन्हाला खुर्च्या मांडल्या आहेत, वीसेक म्हातारी माणसं शाली पांघरून बसली आहेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही. तुम्ही घोडीला दोन पायऱ्या चढवता. ती एकेका खुर्चीपाशी थांबते, मांडीवर तोंड ठेवते, पुढे जाते. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं डोकं बसलेल्या माणसाच्या छातीइतकंच यायचं, म्हणून तसं व्हायचं. एक आजोबा जुने घोडेव्यापारी. त्यांनी तिचा ओठ वर करून दात बघितले आणि सांगितलं, सात वर्षांची आहे. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा दात बघून नऊ सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी पाच. तुम्ही दर वेळी गंभीरपणे "जी" म्हणायचात.

ओळीच्या शेवटी त्या आजी. तुम्ही घोडीला "सर बाई" म्हणालात आणि त्यांनी मान वर केली. "मराठी हा जी तुमी? कोठचे?" तुम्ही सांगितलंत, साताऱ्याकडचे. त्या अकोल्याकडच्या. नवरा रेल्वेत गार्ड होता, बदली होऊन जयपूरला आले, मूलबाळ नाही, तो गेल्यावर दिरानं इथं आणून ठेवलं. एवढं सगळं त्यांनी घोडीच्या आयाळीत बोटं घालून एका दमात सांगितलं, जणू कुणी मध्येच थांबवेल. त्यांच्या बोलण्यात "मले", "तुले", "काहून". मला ते इतकं गमतीचं वाटलं की घरी येऊन मी आईपुढे त्यांची नक्कल केली. आई हसली नाही. म्हणाली, त्यांच्याशी मराठीत बोलत जा, कुणी बोलत नसेल.

मी बोलायचे. माझं मराठी घरापुरतं, त्यांचं मला निम्मं कळायचं. घोडीला द्यायला मी घरून गूळ न्यायचे आणि एक-एक खडा म्हाताऱ्यांच्या हातावर ठेवायचे, म्हणजे ते तिला भरवतील. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी आजींच्या तळव्यावर खडा ठेवला. त्यांनी मूठ मिटली, दाराकडे बघितलं आणि तो गूळ पटकन स्वतःच्या तोंडात टाकला. घोडी त्यांच्या मुठीला हुंगत राहिली. त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण ते हसणं लगेच विझलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना गोड आवडतं. पुढच्या वेळी मी दोन खडे दिले. दोन्ही त्यांनीच खाल्ले.

फेब्रुवारीत टांगेवाल्याला जागेची अडचण झाली. मॅनेजरांनी स्वतःहून सांगितलं, बंगल्यामागे जुनी बग्गीची शेड रिकामी आहे, घोडी इथंच ठेवा, चारापाणी आमचा माणूस बघेल. तुम्ही किती खूश झालात. परतताना सायकलवर शीळ घालत होता. आई म्हणाली, "फुकट कोण देतं?" तुम्ही म्हणालात, "अगं, पुण्याचं काम हाय त्यांचं. माणसं ठेवल्यात, जनावर ठिवायला काय?" तो विषय तिथं संपला. तेव्हापासून आपण त्या बंगल्याचे झालो. त्या शेडशिवाय घोडीला दुसरी जागा नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग व्हरांड्यातल्या खुर्च्या कमी व्हायला लागल्या. आधी माझ्या लक्षात आलं नाही, कारण खुर्च्या काढून टाकायचे, रिकाम्या ठेवायचे नाहीत. एक दिवस घोडेव्यापारी आजोबा नव्हते. घोडी त्यांच्या जागेपाशी सवयीनं थांबली, तिथं नुसती फरशी. तुम्ही विचारलंत. मॅनेजर रुमालाला हात पुसत म्हणाले, "भतीजे के यहाँ गए हैं." पुढच्या रविवारी आणखी दोघी नव्हत्या. त्या "घर" गेल्या होत्या. होळीपर्यंत व्हरांड्यात अकरा माणसं उरली. ती घोडीला हात लावायची, पण आपल्याशी बोलायची नाहीत. आपण आलो की मॅनेजर खुर्ची घेऊन तिथंच बसायला लागले होते.

तुम्ही म्हणालात, कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्यांच्यापर्यंत घोडीच नेऊ. बंगल्याच्या मध्यातून मागे एक अरुंद बोळकांडी जायची, दिवसाही अंधारी, तिच्या टोकाला एक दार. तुम्ही तिला तिकडे वळवलंत आणि ती बोळकांडीच्या तोंडाशी अडली. पुढचे दोन्ही पाय रोवून, मान वर, नाकपुड्या फुगलेल्या. तुम्ही "चल बाई" म्हणालात, दोर ओढलात, मागून थोपटलंत. ती जागची हलली नाही. आतून फिनेलचा वास येत होता आणि फिनेलखालून दुसरा एक. मॅनेजर लगबगीनं आले. "रहने दीजिए फौजी साहब, उधर सफ़ाई चल रही है." तुम्ही क्षणभर त्या दाराकडे बघत राहिलात. मग घोडीला वळवलंत. घरी जाताना तुम्ही मला म्हणालात, "जनावर उगं अडत न्हाई. अडलं की मारायचं न्हाई, त्याच्या डोळ्यानं बघायचं, फुडं काय हाय." मी विचारलं, मग तिथं काय होतं? तुम्ही पेडल मारत राहिलात. चढ संपल्यावर म्हणालात, "अंधार आसंल."

एप्रिलमध्ये आजी व्हरांड्यात दिसल्या नाहीत. मी काही विचारलं नाही. तुम्ही घोडीला घेऊन पुढे होतात, मला मागे शेडमधून तिचा चंदीचा तोबरा आणायला पाठवलं होतं. शेडच्या समोर बंगल्याची मागची भिंत, तिच्यात एक उंच खिडकी, तिला जाळी. जाळीतून आवाज आला, "पोरी." मी वर बघितलं. जाळीमागे अंधार होता आणि जाळीला आतून लागलेली चार बोटं. आजी म्हणाल्या, "हळू बोल. हे आमाले कोंडून ठेवतेत. भायेरून कडी. पानी देत नाईत, खाट वली होते म्हनून. सात जनं हाओत आमी. आयकतं का? तुह्या बापाले सांगजो. दुसऱ्या कोनाले नको सांगू. फकस्त बापाले." मी हो म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "सांगशीन ना?" मी पुन्हा हो म्हटलं.

वळले तर शेडच्या कोपऱ्यावर मॅनेजर उभे. त्यांना मराठी कळत नव्हतं. ते हळूहळू चालत आले, खिशातून संत्र्याच्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि माझ्या उंचीला वाकून म्हणाले, "दादी क्या कह रही थीं, बेटा?" मी म्हटलं, घोडीबद्दल विचारत होत्या. ते हसले. म्हणाले, म्हातारपणी डोकं फिरतं, ही माणसं गोष्टी रचतात, तू समजूतदार आहेस. मग शेडकडे बघून, अगदी मऊ आवाजात: "यहाँ कुछ गड़बड़ हो गई तो बेचारी घोड़ी कहाँ जाएगी?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला साबणाचा वास होता.

आप्पा, मी तुम्हाला सांगितलं नाही.

घरी येताना कॅरियरवर बसून तुमचा सदरा धरला होता. तोंड उघडलं की झालं असतं, तुमचा कान एक हात अंतरावर होता. मी वाक्य मनात जुळवलं. मग मला डोळ्यांपुढे घोडी रस्त्यावर उभी दिसली, कुणी तरी तिला नेताना दिसलं, आणि मी ठरवलं की पुढच्या रविवारी सांगेन. म्हाताऱ्या खरंच गोष्टी रचत असतील. पुढच्या रविवारी आपण गेलो तेव्हा मी शेडमध्ये गेलेच नाही. मला पोटात दुखतंय म्हणून फाटकाशी बसून राहिले. तुम्ही मागून तोबरा घेऊन आलात, तेव्हा मी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्यांनी तुम्हाला हाक मारली का ते कळावं म्हणून. तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला हायसं वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी तुमची ड्यूटी होती आणि आपण गेलोच नाही.

मे महिन्यातला तो रविवार. तुम्हाला दुपारी फौजेच्या लाइनीत हजर व्हायचं होतं म्हणून आपण सकाळी लवकर निघालो. त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. आपल्याला स्टेशन रोडवर एक रिक्षावाला आणि झोपलेला कुत्रा सोडून कुणी दिसलं नाही. लू, तो तिकडचा भाजणारा वारा, नुकती सुटायला लागली होती. बंगल्याचं फाटक उघडंच. पुढच्या खोलीत मॅनेजर, कामाला असलेल्या दोघी आया, स्वयंपाकी, सगळे टीव्हीपुढे जमिनीवर बसलेले, पाठ आपल्याकडे. शंखाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. व्हरांडा रिकामा. आपण आलेलो कुणाला कळलं नाही. इतक्या सकाळी आपण कधी आलोच नव्हतो.

शेडमध्ये घोडीची बादली कोरडी. तुम्ही शिवी दिलीत, माझ्यासमोर पहिल्यांदा. नळाला पाणी होतं, तुम्ही बादली भरून तिच्यापुढे ठेवलीत, तिनं निम्मी संपवून मगच मान वर केली. मी खिडकीकडे बघत होते. जाळीला बोटं नव्हती. काही आवाज नव्हता. तुम्हीही वर बघितलंत. मग माझ्याकडे. मग तुम्ही घोडीचा दोर सोडलात आणि तिला मागच्या बाजूनं बंगल्यात घेऊन गेलात, थेट त्या बोळकांडीकडे. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला तिला परत एकदा विचारायचं होतं, असं मला वाटतं. ती त्याच जागी अडली. तशीच, पाय रोवून. या वेळी तुम्ही दोर ओढला नाहीत. तो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "हितं थांब." आणि एकटेच आत गेलात.

टीव्हीचा आवाज येतोय. बोळकांडीत तुमची पाठ लहान होत जाते. दाराला बाहेरून कडी आहे आणि कडीत चिंधी पिळून घट्ट बांधली आहे. तुम्ही ती सोडायला जात नाही, खिशातला खुराचा चाकू काढून कापता. दार उघडतं आणि तो वास माझ्यापर्यंत येतो. घोडी एक पाऊल मागे सरते, माझ्या पायावर तिचा खूर पडतो, मला दुखत नाही. तुम्ही दारात उभे आहात. किती वेळ, माहीत नाही. मग तुमचा आवाज, अगदी साधा: "पाणी आण. पळ."

मी घोडीचीच बादली आणली. दुसरं काही सुचलं नाही. वर पत्रा होता, आतली हवा तोंडाला भाजत होती. सहा खाटा, सात माणसं. घोडेव्यापारी आजोबा भिंतीला टेकून बसले होते, ते पुतण्याकडे कधी गेलेच नव्हते. तुम्ही ओंजळीनं एकेकाला पाणी पाजलंत. ते बादलीतच तोंड घालू बघत होते, तुम्ही त्यांना जनावराला करतात तसं हळूच मागे धरत होता, "दमानं, दमानं." आजी खिडकीखालच्या खाटेवर. तुम्ही त्यांच्या ओठांना पाणी लावलंत, ते बाजूनं ओघळलं. श्वास होता. डोळे अर्धे उघडे.

मॅनेजर धावत आले तेव्हा म्हणत होते, ही आजारी माणसं आहेत, छूत की बीमारी, बच्ची को बाहर भेजिए, हम ट्रस्ट से बात करेंगे. तुम्ही वाकलात. आजींना उचललंत, गाठोडं उचलावं तसं, आणि मॅनेजरांच्या अंगावरून चालत बाहेर आलात. खरंच, तुमच्या धक्क्यानं ते वाटेत पडले होते आणि तुम्ही थांबला नाहीत. स्टेशन रोडवरच्या त्या एकट्या रिक्षावाल्याला मी हाका मारून आणलं. तुम्ही त्यांना मांडीवर घेऊन इस्पितळात गेलात. मला सांगून गेलात की घोडीला धरून फाटकाबाहेर उभी राहा आणि कुणाला फाटकाची कडी लावू देऊ नकोस. मी उभी राहिले. मॅनेजर समोर पायरीवर बसून होते आणि रुमालाला हात पुसत माझ्याकडे बघत होते. तुम्ही पाठवलेली इस्पितळातली माणसं येईपर्यंतचा तो एक तास मी कधी कुणाला सांगितलेला नाही.

आजी संध्याकाळी गेल्या. बाकीचे सहा वाचले, त्यातले दोन पावसाळ्यात गेले. पोलीस एकदा आले, ट्रस्टचे कुणी शेटजी आले, तुमचं बोलणं लिहून घेतलं. तुमच्या साहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की फौजेचं नाव यात नको. मॅनेजर एके दिवशी नाहीसे झाले, कुणी म्हणे अजमेरला, कुणी म्हणे अशाच दुसऱ्या एका जागी कामाला लागले. बंगल्याला कुलूप लागलं. घोडीला तुम्ही जगतपुऱ्याकडच्या एका माळ्याकडे देऊन आलात. तेव्हा तिकडे नुसती शेतं होती. तिला जागा मिळाली, आप्पा. आठ दिवसांत मिळाली. आधी विचारलं असतं तर तेव्हाही मिळाली असती. तुम्ही तिला पुन्हा बघायला गेला नाहीत आणि मीही हट्ट केला नाही.

त्या रविवारी रात्र पडायच्या आत तुम्ही इस्पितळातून परत आलात. पायरीवर बसून कोपरापर्यंत हात धूत होता. आई पाणी ओतत होती. तुम्ही मान खाली घालूनच मला विचारलंत, "तुला कधी काय बोलल्या व्हत्या का गं त्या?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही मान डोलावलीत आणि साबण परत घेतलात. आई माझ्याकडे बघत होती. तिनं तांब्या भरला आणि ओतला.

तुम्ही मग आयुष्यभर एकच वाक्य म्हणत राहिलात. पेन्शनीत गावी आल्यावर पारावरच्या माणसांना, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना, शेवटी दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरला, ज्याला काही संदर्भ नव्हता: "जनावर सांगत व्हतं, म्या ऐकलं न्हाई." सगळा दोष तुम्ही त्या होळीच्या रविवारावर टाकलात, बोळकांडीच्या तोंडाशी घोडी वळवली त्या घटकेवर. मी खाटेशेजारी मोसंबी सोलत होते. मी म्हणू शकले असते, आप्पा, घोडी नुसती अडली होती. मला तर माणसानं सांगितलं होतं, मराठीत, तुमच्यासाठी निरोप म्हणून. तुम्ही एकटे नव्हता. तुम्हाला ते ऐकून बरं वाटलं असतं की वाईट, मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे की मी मोसंबीची फोड तुमच्या तोंडाजवळ नेली.

त्या टेकडीजवळच्या बाईंना मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही. सकाळी फोन करून विचारलं, मी न सांगता कधीही आले तर चालेल का? त्या म्हणाल्या, भेटायची वेळ चार ते सहा आहे, नियम सगळ्यांनाच सारखे. आवाज गोड होता. खोली महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतील. भाऊ फोनवर म्हणतो, तू उगाच घाबरतेस, आता काळ बदलला, कॅमेरे असतात. असतील. आई उठलीय बहुतेक, खाटेचा आवाज आला. अजून हाक मारली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. पाकीटही आणलेलं नाही. फक्त एक राहिलं, ते लिहून थांबते. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की त्या आजी कशा दिसायच्या ते तुम्हाला सांगेन, कारण तुम्ही त्यांना नीट बघितलंत तेव्हा त्या तशा राहिल्या नव्हत्या. दुपारभर आठवत बसले. घोडीच्या डाव्या नाकपुडीवरचा गुलाबी डाग आठवतो, पापण्यांचे केस आठवतात, ती पाणी पिताना कान कसे हलायचे ते आठवतं. आजींचा चेहरा मला आठवत नाही.